विरळ हवेतले टक्के

आमचे हे गणिताचे सर. कोथरूडमध्ये तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत यांचा क्लास चालायचा. दर जूनमध्ये क्लासच्या दारावर नवा फ्लेक्स लागायचा, मुलांचे फोटो आणि फोटोखाली टक्के. नव्वदच्या खालच्यांना फोटो नसे. त्यांनी फक्त फी भरायची.

क्लास बंद होऊन आता काही वर्षं झाली, पण सवय जाते कुठे? भाजीची जुडी हातात घेतली की हे म्हणणार, "मेथी सत्तर टक्के." नात्यातलं लग्न जेवून आलो की रिक्षातच निकाल लागतो. माझ्या आमटीला आजवर पंच्याऐंशीच्या वर मिळालेले नाहीत. मीही कधी फेरतपासणी मागितली नाही. यांना स्वतःला चहासुद्धा करता येत नाही, त्यामुळे परीक्षकाची पात्रता हा प्रश्न मी सोडून दिलेला आहे.

अशा माणसाच्या पोटी आमची मुलगी जन्माला आली आणि बारावीला तिला चोपन्न टक्के मिळाले.

निकालाच्या संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी यांना विचारलं, "काय सर, किती?" हे म्हणाले, "चौऱ्याहत्तर. थोडक्यात हुकलं." आमची मुलगी तेव्हा जिन्यात उभी होती. वर येऊन ती रडली नाही, भांडलीही नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "बाबा, चोपन्न माझे आहेत. वरचे वीस तुमचे, ते तुम्हीच ठेवा."

हे म्हणाले, "आमटी वाढ."

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं कामापुरतं उरलं. गॅस संपलाय, कुरिअर आलंय, पंखा बंद कर. ती डोंगरात रमली. गिर्यारोहणाचा कोर्स केला, मग ट्रेक नेऊ लागली, आणि आता मे ते सप्टेंबर एका सहल कंपनीतर्फे पर्यटकांना लडाखला नेते. आमच्या यांना कोणी विचारलं, की म्हणायचे, "पर्यटन व्यवस्थापनात आहे." जणू ती मंत्रालयात बसते! लोकांना डोंगरावर नेऊन परत आणते म्हणायला काय जात होतं, देव जाणे.

गेल्या वर्षी समोरच्या काकांनी सोसायटीतल्या लोकांची लडाखची सहल ठरवली. काका बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे खजिनदार, अंगात साखर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. त्यांनी परस्पर आमच्या मुलीलाच फोन केला आणि तिच्याच सोबतीनं जायचं नक्की केलं. यांनी जाहीर केलं, "मी येणार नाही." मी म्हटलं, "बरं. मी जाते. डब्याची सोय बघून ठेवा." दुसऱ्या दिवशी हे थर्मल बनियन घेऊन आले.

मला त्या सहलीतून काय हवं होतं, ते सांगून टाकते. तलाव आणि याक मी फोनवरही पाहिले असते. मला हवं होतं ते इतकंच, की या माणसानं एकदा तरी चार लोकांसमोर म्हणावं, माझी मुलगी तिच्या कामात हुशार आहे. पुढे टक्के न लावता.

लेहला विमानातून उतरलो तेव्हा ऊन लख्ख होतं आणि सगळ्यांनाच एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटत होतं. बॅग उचलली की धाप. बुटाची नाडी बांधली की धाप. काकांच्या बायकोला तर बोलतानाही धाप लागत होती, त्यामुळे प्रवासाची सुरुवात शांततेत झाली. मुलगी आम्हाला घ्यायला आली होती. उन्हानं रापलेली, गळ्यात शिट्टी. सगळ्यांना ती "काका", "काकू" म्हणत होती, आणि यांच्यासमोर येऊन म्हणाली, "काका, तुमची बॅग माझ्याकडे द्या."

गाडीत हे मला हळूच म्हणाले, "सख्ख्या मुलीनं मला काका म्हटलं."

"कामावर आहे ती," मी म्हटलं. "तुम्ही नाही का तिला क्लासमध्ये आडनावानं हाक मारायचात?"



हॉटेलवर तिनं सगळ्यांना खाली बसवून समजावून सांगितलं. इथं हवा विरळ आहे. शरीराला ते कळतं, फक्त त्याला थोडा वेळ लागतो. आधी श्वास वाढतो, छाती धडधडते, मग मूत्रपिंडं कामाला लागतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं. "तसं झालं तर काळजी करू नका, आनंद माना," ती म्हणाली. "रक्त हळूहळू जुळवून घेतं. आज आणि उद्या फक्त झोपायचं, पाणी प्यायचं, गप्प बसायचं. डोकं दुखलं तर मला सांगायचं. इथं धडधाकट माणूसही पडतो, आणि दुखणं लपवणारा सगळ्यात आधी."

मग म्हणाली, "इथं ऑक्सिजन कमी असल्यामुळे—"

"चूक," हे म्हणाले.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे तेवढंच असतं. कमी होतो तो दाब. त्यामुळे एका श्वासात ऑक्सिजन कमी जातो. विधान अचूक करावं माणसानं."

मला तर जमिनीत जावंसं वाटलं. मुलीचा चेहरा मात्र हलला नाही. "बरोबर आहे काका," ती म्हणाली. "दाब कमी असतो. आता बोट पुढे करा."

तिच्या हातात ते बोटाला लावायचं चिमट्यासारखं यंत्र होतं, कोविडमध्ये आपल्या सगळ्यांच्या घरी आलेलं. बोट घातलं की रक्तातला ऑक्सिजन किती टक्के ते दाखवतं. हो, टक्के. ते टक्क्यांत असतं हे माझ्या तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं. यांच्या आलं होतं. शर्टाची बाही सारखी करून हे ताठ बसले.

काकांना एक्क्याण्णव आले. अंगात साखर, गुडघे गेलेले, आयुष्यात वेताळ टेकडीची एक पायरी न चढलेले काका पहिले आले! मला सत्त्याऐंशी. आणि रोज पहाटे टेकडी करणाऱ्या आमच्या यांना चौऱ्याऐंशी.

"पुन्हा लाव," हे म्हणाले. "दुसऱ्या बोटाला."

दुसऱ्या बोटालाही चौऱ्याऐंशीच.

"काका, हे मार्क नाहीत," मुलगी म्हणाली. "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. पहिल्या दिवशी चौऱ्याऐंशी म्हणजे ठीकच आहे."

पण पालथ्या घड्यावर पाणी. कोथरूडच्या पंधरावीस निवृत्त लोकांना टक्के सांगायचे आणि वर म्हणायचं, की हे मार्क नाहीत! जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नव्हता. काका विनयानं म्हणत होते, "अहो, काही विशेष तयारी केली नव्हती." यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी यांच्या ताटातला पापड उचलून माझ्या ताटात घेतला. रागात हे पापड फार जोरात मोडतात.

दुसरा दिवसही विश्रांतीचा होता. दुपारी मला डुलकी लागली. जागी झाले तर पलंग रिकामा. हे परत आले तेव्हा ओठ निळसर दिसत होते. गावाच्या डोक्यावर एक टेकडी आहे, तिच्यावर स्तूप, आणि वर जायला पायऱ्या. तिथं जाऊन आले होते.

"अहो, पोरीनं झोपायला सांगितलं होतं ना?"

"सराव मोडला की शरीर बिघडतं," हे म्हणाले. "उद्या पुन्हा यंत्र लावणार आहेत."

यांनी चक्क ऑक्सिजनचा अभ्यास केला होता. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी. क्लासमधल्या मुलांना मात्र नेमकं यासाठीच छड्या मिळायच्या.

संध्याकाळी यांनी जेवण टाकलं. म्हणे पोट जड आहे. कपाळ चोळत होते, तर म्हणे चष्म्याचा नंबर बदलला असेल. खोकत होते, तर म्हणे धूळ. मी म्हटलं, मुलीला सांगते. तेव्हा यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तिला नको सांगूस. ती मला मागे ठेवेल." तो आवाज सरांचा नव्हता. नापास व्हायला घाबरलेल्या पोराचा होता, आणि मला त्याची दया आली. पाणी पाजलं, पांघरूण घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठी खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जायचं होतं. रस्ता खिंडीत फारच उंच चढतो. मुलीचा नियम असा, की निघण्याआधी सगळ्यांना यंत्र लावायचं आणि ऐंशीच्या खाली असेल त्यानं लेहमध्येच थांबायचं. मी तयार होऊन बसले आणि बाथरूममधून आवाज ऐकू आला, लोहाराचा भाता चालावा तसा. मला वाटलं प्राणायाम. हे बाहेर आले ते दोन्ही हातांच्या बोटांनी चहाचा गरम कप कवटाळून बसले आणि पुन्हा तसाच श्वास. चहा प्यायले नाहीत. आमच्या यांनी चहा हातात घेऊन प्यायचा नाही, हे मी लग्नापासून पहिल्यांदा बघत होते.

खाली मुलीनं यंत्र लावलं. एक्क्याऐंशी.

"पास," हे म्हणाले, आणि वर्गाकडे पाहावं तसं सगळ्यांकडे पाहिलं. काकांनी टाळी वाजवली. काकांना त्या दिवशी ब्याण्णव होते, त्यामुळे टाळी वाजवणं त्यांना परवडत होतं.

मग सगळे गाड्यांकडे निघाले. हेही निघाले. पण चालले ते असे, की आमच्या सोसायटीच्या आवारात कोणी तसं चाललं असतं तर कमिटीनं तातडीची सभा बोलावली असती. एक पाय इकडे, एक तिकडे, हात भिंतीला. पायांत बूट उलटसुलट, डावा उजव्यात. मी हाक मारणार तेवढ्यात मुलगी गाडीपाशी थबकली. सगळ्यांना बसवता बसवता ती यांच्या पायांकडे बघत होती. तिनं हातातलं सामान खाली ठेवलं आणि चालत यांच्यासमोर आली.

"बाबा," ती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "एकोणतिसाचा पाढा म्हणा."

हा पाढा आमच्या घरात फार जुना आहे. ती लहान असताना सकाळी नाश्त्याआधी यांच्यासमोर उभी राहून तिला तो म्हणावा लागे. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत नीट जायची आणि सत्त्याला अडकायची. अडकली की पुन्हा पहिल्यापासून. आणि अडकल्या जागी पुन्हा अडकायची. पोहे गार होत. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अहो, खाऊ द्या पोरीला." हे म्हणायचे, "खाईल की. दोनशे तीन म्हणाली की खाईल."

आता हे अंगणात उलट्या बुटांत उभे राहिले आणि म्हणू लागले. एकोणतीस एके एकोणतीस. दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी. चोक एकशे सोळा. पंचे एकशे पंचेचाळीस. सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस सत्ते...

थांबले.

"एकोणतीस सत्ते," मुलगी म्हणाली.

हे तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा भाग अभ्यासक्रमात नाही."

गाडीतले सगळे खो खो हसले. सरांचा विनोद! काका म्हणाले, "वा सर." मी हसले नाही. झोपेतून उठवलं तरी जो माणूस एकोणतिसाचा पाढा म्हणतो, तो दोनशे तीन विसरला होता.

मुलीनं आवाजही चढवला नाही. सोबतच्या सहकाऱ्याला म्हणाली, "तू सगळ्यांना घेऊन पुढे हो. ही गाडी मला लागेल." गाडीतली ऑक्सिजनची नळकांडी काढून तिनं यांच्या नाकाला लावली. यांना हाताला धरून बसवताना हे म्हणाले, "मी पास आहे. एक्क्याऐंशी आहेत." ती म्हणाली, "हो बाबा, पास आहात. बसा."

दवाखान्यात डॉक्टरांनी यांना जोरानं श्वास घेऊन, बोटं शेकून आकडा चढवायला अवकाशच दिला नाही. झोपवलं, नळकांडी बाजूला करून यंत्र लावलं, आणि खरा आकडा आला. अडुसष्ट.

डॉक्टरांनी लगेच मोठ्या टाकीचा ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. फुप्फुसांत पाणी साचायला लागलं होतं आणि मेंदूलाही सूज चढू लागली होती, त्यामुळे पाय लटपटत होते आणि डोकं चालत नव्हतं. "हे खिंडीत गेले असते तर," डॉक्टर म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडले. हमसून रडायलाही तिथं दम पुरत नाही. मध्ये मध्ये थांबावं लागतं आणि मग उगाचच आपण कशाला रडत होतो ते पुन्हा आठवावं लागतं.

आत डॉक्टर मुलीला विचारत होते, आकडा ऐंशीच्या वर असताना तुम्हाला शंका कशी आली?

"पाय दिसले," ती म्हणाली. "आणि सत्त्याला अडकले. तिथं मी अडकायचे. त्यांना कधी अडकलेलं मी पाहिलं नव्हतं." इथपर्यंत तिचा आवाज नीट होता. मग ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

दुपारपर्यंत यांच्या ओठांना रंग आला. डोळे मिटून पडले होते, तोंडावर मास्क, बोटाला चिमटा, तो तारेनं शेजारच्या मोठ्या यंत्राला जोडलेला. मी उशाशी, मुलगी पायथ्याशी. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडच्या खोऱ्यात पोचल्यावर काकांना रेंज मिळाली होती. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"काय गं, सर कसे आहेत?" काकांच्या मागे आमची अख्खी सोसायटी असावी, सगळ्यांचा गलका ऐकू येत होता. "दवाखान्यात किती आले त्यांना?"

मुलीनं यांच्याकडे पाहिलं. बिछान्यावर हे एवढेसे दिसत होते.

"अठ्ठ्याऐंशी होते काका," ती म्हणाली. "तसे उत्तमच आहेत. मी आपली खबरदारी घेतली."

मी गणिताची नाही, पण वजाबाकी मलाही येते. तिनं बरोबर वीस वाढवले होते.

यांनी डोळे उघडले. वजाबाकी यांचीही चालू होती, कपाळावरच्या आठ्यांवरून दिसत होतं. एरवी अशा हिशोबाला यांना पापणी लवेपर्यंतही वेळ लागत नाही. त्या दिवशी बराच लागला. मग यांनी हात वर केला आणि मास्क खाली ओढला.

"अडुसष्ट," हे म्हणाले.

"काय म्हणाले सर?" फोनमधून काका.

"अडुसष्ट होते. सकाळचे एक्क्याऐंशी कॉपी करून मिळवलेले." हे धापा टाकत बोलत होते. "आणि हिचे बारावीचे चोपन्न होते. चौऱ्याहत्तर मी सांगितले होते. हिनं कधीच नाही."

"अहो, मास्क लावा आधी!" मी ओरडले. "खरं बोलायचं ते मास्क लावून बोला."

फोनमधून खोऱ्यातला वारा तेवढा ऐकू येत होता. मग काका घसा खाकरून म्हणाले, "सर, ते आम्हाला सगळ्यांना तेव्हाच माहीत होतं हो. माझी पुतणी तिच्याच कॉलेजात होती."

इतकी वर्षं! इतकी वर्षं अख्ख्या सोसायटीनं चौऱ्याहत्तर ऐकून घेतले, माना डोलावल्या आणि जिन्यात एकाही माणसानं चकार शब्द काढला नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून वर्षभर भांडणं चालतात, पण तिथंही माणसं आहेत, हे मला त्या दिवशी लेहच्या दवाखान्यात कळलं.

"आणि ऐका," यांनी मास्क पुन्हा खाली केला. "फोन ठेवू नका. आज मी हिच्यामुळे जिवंत आहे. यंत्राला मी फसवलं. हिला नाही फसवू शकलो. अशी कामाची माणसं मी उभ्या आयुष्यात फार थोडी पाहिली. लिहून घ्या हवं तर."

मला सहलीतून हवं होतं ते मिळालं होतं. मी पदर तोंडाला लावून बसले.

मुलीनं फोन बंद केला, पुढे येऊन यांच्या तोंडावर मास्क नीट बसवला, मागची दोरी कानावर घेतली. हे आतून काहीतरी पुटपुटले. तिनं कान जवळ नेला.

"शंभरपैकी तुला—"

"बाबा," ती म्हणाली, "टक्के नकोत."

"बरं," हे म्हणाले. "नाही देत."

आणि यांनी तिचा हात धरला. धरला तो नेमका चिमटा लावलेल्या हातानं. चिमटा सरकला, पडद्यावरचा आकडा गायब झाला आणि ते यंत्र ठणाणा बोंबलायला लागलं. नर्स धावत आली. तिनं चिमटा पुन्हा बोटाला लावला आणि हिंदीत दम भरला, की हात अजिबात हलवायचा नाही.

यांनी हलवला नाही. मुलीनंही आपला हात सोडवून घेतला नाही.